नवशिक्यांसाठी बंजारा भरतकामाचे किट : तांड्यावरच्या बायांचा छोटा व्यवसाय कसा उभा राहतो





मंडळीत भेटणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तांड्यांवर बायांच्या हातात एवढी कला आहे. फेटिया आणि कांचळीवरचे आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्यांचे भरतकाम पाहून डोळे दिपतात. मग त्या वस्तू विकून त्यांचे घर का चालत नाही? प्रत्येक अंकात येथे कामाचा वृत्तांत असतो. या वेळी त्याऐवजी या प्रश्नाचे उत्तर हिशेबासह मांडते, आणि त्यातून निघालेला एक छोटा व्यवसायही समजावून सांगते.

आधी तासांचा हिशेब. समजा, नळदुर्गजवळच्या एखाद्या तांड्यावरच्या बाईने उशीचा एक अभ्रा पूर्ण भरला. दाट टाके, मधे आरसे, कडेला कवड्या. घरकाम, शेळ्या, पाणी आणि रोजगार सांभाळून रोज दोन तास सुई हातात आली, तर असा अभ्रा पुरा व्हायला तीन आठवडे सहज लागतात. म्हणजे झाले ४० तास. तासाला ७० रुपये मजुरी धरली तर नुसत्या मजुरीचे २,८०० रुपये झाले. कापड, दोरे, आरसे वेगळेच. प्रदर्शनात तोच अभ्रा ६०० रुपयांना मागितला जातो, वर “जरा कमी करा” असतेच. ६०० ला दिला तर साहित्याचा खर्च वजा न करताही तासाला १५ रुपये पडतात. खुरपणीला गेलेली बाई याहून जास्त घेऊन येते. म्हणून ती खुरपणीला जाते, आणि यात तिचे काहीही चुकत नाही.

हाताच्या कामाचे मोल देणारे ग्राहक नाहीत असे नाही. पण ते थोडे, मोठ्या शहरात आणि आपल्या ओळखीबाहेरचे. बाकीच्यांच्या नजरेसमोर मशीनवर भरलेला स्वस्त अभ्रा असतो, आणि तुलना त्याच्याशीच होते.

किटमध्ये हे गणित उलटे होते. किट म्हणजे काय, तर एका छोट्या वस्तूसाठी लागणारे सगळे सामान मोजून-मापून एका पाकिटात घातलेले, सोबत करून कसे पाहायचे ते सांगणारे पान. वेळखाऊ टाके ग्राहक स्वतःच्या घरी, स्वतःच्या हौसेने घालतो. तांड्यावरची बाई त्याला कापड आखून देते, दोरे मोजून देते, पहिला टाका दाखवते. तिचा वेळ एका किटमागे तासाभराचा. तिला जे येते ते विकले जाते आणि तिचे डोळेही शिणत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगवलेले भरतकामाचे नमुने छापून विकले जाऊ लागले, आणि एकेक चौकट म्हणजे एकेक टाका असे मोजत युरोपातल्या बायकांनी घरे भरून टाकली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका रंग कंपनीने आकडे घातलेली चित्रे काढली: १ लिहिले तिथे निळा, २ लिहिले तिथे पिवळा. टीकाकार हसले, पण जन्मात कधी कुंचला न धरलेल्या लाखो मोठ्या माणसांनी ती रंगवली. आज आपल्याकडे मुंबई-पुण्यात वारली चित्रांची, क्रोशाची, मातीकामाची किटे दुकानांत दिसतात. बंजारा टाक्यांचे किट मात्र ज्यांचा टाका आहे त्यांच्याच हातचे असावे, एवढीच या लेखामागची इच्छा.

मोठ्या माणसाला काय अडते

लहान मूल चुकले तर पुन्हा करते. मोठा माणूस चुकला की किट कपाटात ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही. आपले ग्राहक कोण आहेत ते डोळ्यांसमोर आणा: निवृत्त शिक्षिका, बँकेत काम करणारी तरुणी, मुले परदेशी असलेली आजी. अलीकडे काही पुरुषही विचारतात आणि विचारताना जरा लाजतात. शाळेत शिवणकामाच्या तासाला “तुला जमणार नाही” हे एकदा ऐकलेली माणसे यांत पुष्कळ. त्यांना पहिल्याच संध्याकाळी काहीतरी पूर्ण झालेले दिसले पाहिजे.

त्यामुळे पहिले किट पिशवीचे किंवा अभ्र्याचे नको. पुस्तकात ठेवायची खूण, दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब, एवढेच पुरे. बायबलमध्ये, स्तोत्रसंहितेच्या पानांत किंवा ग्रंथालयाच्या पुस्तकात ती राहते आणि चार लोकांच्या नजरेस पडते. तीन रंग, दोन प्रकारचे टाके, एक आरसा, शेवटी एक गोंडा. धावदोरा आणि साखळी आली की ती पुरी होते. आरसा बसवणे नवख्याला कठीण जाते, म्हणून पहिल्या किटमध्ये तो आमच्या बायांनीच बसवून द्यावा असे माझे मत आहे. गटातल्या दोघींचे मत उलटे आहे. आरसा बसवण्यातच खरी गंमत, मग तीच का काढून घ्यायची, असे त्या म्हणतात. दोन्ही प्रकारची थोडी थोडी करून पाहणार आहोत.

सामान निवडताना काही बारीक गोष्टी आहेत, आणि धंदा चालतो की नाही ते याच ठरवतात. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणे हीच पहिली अडचण असते. मोठ्या नेढ्याची सुई आणि पत्र्याची ओवणी घातली की निम्मी काळजी मिटते. सुया दोन द्याव्यात, कारण एक हरवतेच. कापड मांजरपाट किंवा जाड सुती, ज्याचे धागे डोळ्यांना दिसतात असे. पातळ पॉलिस्टरवर टाका सरकतो आणि नवखा माणूस स्वतःला दोष देतो. दोरा लागेल त्याच्या दीडपट द्यावा. नवशिका लांब दोरा घेतो, गुंता करतो, कापून टाकतो. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, याहून लांब दोरा ओवू नये, हे पानावर ठळक छापले तर गुंते बरेच कमी होतात. भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात आणि त्यांतले दोन किंवा तीनच वापरायचे असतात. ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची की कोणी लिहीतच नाही. कात्री घालू नये. तिने वजन वाढते, टपालखर्च वाढतो, आणि ती प्रत्येक घरात असते. आरशांच्या कडा घासलेल्या आहेत ना, ते बोट फिरवून पाहावे.

साहित्याचा बाजार आपल्याला सोलापूरचा जवळ. तुळजापूरहून तासाभराचा रस्ता, आणि कापडाच्या गावात कापडाला तोटा नाही. कवड्या तर तुळजापुरातच. देवीच्या कवड्यांच्या माळेमुळे त्यांचा बाजार तिथे पिढ्यान्पिढ्या आहे.

पान लिहिणे हेच खरे काम

सगळ्यांत अवघड भाग आहे तो सोबतच्या पानाचा. तांड्यावरच्या याडीला टाका हाताने येतो. तो शब्दांत सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. ती मुलगी असताना आईशेजारी बसली, पाहिले, शिकली. “सुई इथून घाला, तिथून काढा” यातले “इथून” आणि “तिथून” कागदावर आणायचे म्हणजे प्रत्येक टाक्याचे चार-पाच टप्प्यांत चित्र हवे. आम्ही बसलो तेव्हा एका साखळीच्या टाक्याला दुपार गेली. याडी टाका घालायची, मी मधेच थांबवायची, एकजण मोबाइलवर फोटो काढायची. मला वाटत होते सुई वर येते तोच पहिला टप्पा. तिच्या मते पहिला टप्पा डाव्या अंगठ्याने दोरा दाबून धरणे हा होता, आणि तो अंगठा कोणत्याही पुस्तकातल्या चित्रात मी पाहिला नव्हता.

पान तयार झाले की त्याची परीक्षा एकाच प्रकारे होते. ज्याने कधी सुई धरली नाही अशा माणसाच्या हातात किट द्यायचे, समोर बसायचे, आणि तोंड मिटून ठेवायचे. तो जिथे अडला, जिथे त्याने पान उलटे करून पाहिले, जिथे उसासा टाकला, तेवढे टिपून घ्यायचे. मदत केली की परीक्षा फुकट. हे गप्प बसणे आपल्या लोकांना फार जड जाते, मलाही जाते.

पानावरची अक्षरे मोठी हवीत. भाषा मराठी, पाठीमागे इंग्रजी. डावखुऱ्यांसाठी चित्र उलटे करून एक छोटा रकाना. व्हिडिओसाठी क्यूआर कोड द्यावा, पण व्हिडिओ आहे म्हणून पान अपुरे ठेवू नये. आजीचा फोन नातवाकडे असतो. व्हिडिओत फक्त हात दाखवावेत, आवाज याडीचा असावा. आणि टाक्याचे तिच्या गोरबोलीतले नाव मराठी नावाच्या आधी छापावे. कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाच्या नोंदींत असे १४ टाके मोजलेले आहेत: किलन, वेले, माकी, पोटे, नाकरा, जोल्या, रेलो, भुरिया आणि इतर. आपल्या गटाने आपल्या तांड्यावर जे नाव चालते तेच घ्यावे.

सांडूरकडून घेण्यासारखे

सांडूरचे नाव आले म्हणून थोडे तिकडे वळते. बळ्ळारी जिल्ह्यातले हे एकेकाळचे मराठा संस्थान, घोरपडे घराण्याचे. तिथे १९८० च्या दशकात एम. वाय. घोरपडे यांच्या पुढाकाराने सांडूर कुशल कला केंद्र उभे राहिले, आणि आसपासच्या तांड्यांवरच्या लंबाणी स्त्रियांना भरतकामाचे नियमित काम मिळू लागले. २०१० मध्ये सांडूर लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची सांस्कृतिक बैठक झाली, तेव्हा ४५० हून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन गिनीज बुकात नोंदले गेले. हे लोक आपल्या तांड्यांवरच्या लोकांचेच नातलग. उमरगा तालुक्याला कर्नाटकाची सीमा लागून आहे. मात्र सीमा ओलांडली की सरकारी यादी बदलते: बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगण आणि आंध्रात अनुसूचित जमातींत. एका घराण्याच्या तीन बहिणी तीन राज्यांत दिल्या तर त्यांची मुले तीन वेगवेगळे दाखले घेऊन फिरतील.

सांडूरकडून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, दर्जा सगळ्यांचा सारखा ठेवण्याची शिस्त. दुसरी सावधगिरीची: भौगोलिक मानांकन त्या प्रदेशाचे असते, म्हणून आपल्या डब्यावर “सांडूर” किंवा “लंबाणी सांडूर पद्धत” असे काही छापता येणार नाही. “बंजारा भरतकाम, जिल्हा धाराशिव” एवढे खरे आहे आणि तेवढेच छापावे. वारलीचेही तसेच, त्या चित्रांना मानांकन आहे. विक्री होते म्हणून आपल्या गटाने वारलीची किटे करू नयेत.

पैशांचा हिशेब

खालचे आकडे नमुन्याचे आहेत; प्रत्यक्ष खरेदीच्या दिवशी भाव विचारून ते बदलावेत. पुस्तकखुणेच्या एका किटला कापड १५ रुपये, दोरे ४५, सुया आणि ओवणी १०, आरसा, कवड्या व गोंड्याचे सामान १५, छापील पान १०, पाकीट आणि वरची पट्टी २०. साहित्य झाले ११५. कापणे, आखणे, दोरे गुंडाळणे, मोजणे, भरणे आणि नमुन्यांचा वाटा धरून एक तास मजुरी, ७० रुपये. खराबीला आणि हरवल्या-मोडल्याला १५. एका किटचा खर्च २०० रुपये.

किंमत ४०० ठेवली तर लोक विचारतात, दुप्पट कशी? ती दुप्पट दुकानासाठी लागते. दुकानदार ३५ टक्के घेतो असे धरा: १४० रुपये त्याचे, आपल्या हातात २६०, खर्च वजा जाता ६०. त्यातले २० रुपये ज्या तांड्याचा नमुना आहे त्याच्या निधीला बाजूला काढायचे. गटाकडे राहिले ४०. हेच किट मंडळीच्या विक्रीत थेट गेले तर २०० उरतात. “ओळखीतच विकायचे आहे, २५० ठेवू” असा मोह सुरुवातीला होतो. पण २५० ची सवय लागल्यावर दुकानात ते कधीच ठेवता येत नाही, आणि ओळखीची माणसे सहा महिन्यांत संपतात.

पहिली ५० किटे करायला १०,००० रुपये लागतात. थेट विकली तर २५ किटांत भांडवल परत येते, दुकानामार्फत विकली तर ३९ किटांत. एवढी रक्कम बचत गटाच्या आवाक्यातली आहे. आपल्या जिल्ह्यात गटांची सवय जुनी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांनी बायांना घेऊन पुष्कळ काम उभे केले, आणि पुढे “उमेद” अभियान आले. एक नियम मात्र पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा: मजुरी किट भरल्याबरोबर द्यायची, विकल्यावर नाही. विक्रीचा धोका गटाच्या भांडवलाने घ्यायचा, याडीच्या चुलीने नाही.

याचे एक कारण ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या तांड्यांवरची जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. किटे मात्र सर्वांत जास्त खपणार नाताळाच्या आधी, म्हणजे नेमके तेव्हा जेव्हा तांडा अर्धा रिकामा असतो. म्हणून माल जुलै ते सप्टेंबर या काळात तयार व्हायला हवा. सुदैवाने किट नासत नाही. कोरड्या जागी, कडुलिंबाचा पाला घालून ठेवले की वर्षभर टिकते.

किटमुळे ऊसतोड थांबेल असे मी लिहिणार नाही. मुकादमाकडून जोडप्याला मिळणारी उचल आणि ५० किटांची ३,५०० रुपये मजुरी यांची तुलनाच होत नाही. पण तांड्यावर मागे कोण राहते ते पाहा: म्हाताऱ्या सासवा आणि शाळेत जाणारी नातवंडे. कोयता त्यांच्याने उचलत नाही, हातात रोख पैसा नसतो, औषधालाही मुलाच्या फोनची वाट पाहावी लागते. आणि टाके सर्वांत चांगले त्यांनाच येतात. पंचवीस-तीस वर्षांच्या सुना ब्लाउज मशीनवर शिवून घेतात. फेटिया त्यांच्यातल्या थोड्याच नेसतात. ज्या हातांना रोजगार नाही त्यांच्याकडेच हे ज्ञान शिल्लक आहे. माझ्या मते किटचा व्यवसाय त्यांच्यासाठी आहे. नातीने आखावे, मोजावे, हिशेब लिहावा. आजीने टाका सांगावा. वर्षाला चार खेपा झाल्या तर मजुरीचे १४,००० रुपये चार-पाच आज्यांत वाटले जातील. कोणाला ही रक्कम लहान वाटेल. गोळ्यांना मुलाच्या फोनची वाट पाहणाऱ्या बाईला ती लहान नाही.

मिशनच्या जुन्या कामातून एक इशारा

हा भाग मला टाळता येत नाही. हस्तकलेतून गरिबांना काम देण्यात मिशनऱ्यांचा इतिहास मोठा आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये विणकामापासून छपाईपर्यंत कितीतरी धंदे स्त्रियांना शिकवले. तिकडे आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबाने गरीब स्त्रियांना लेस विणायला शिकवली. हेतू शुद्ध होता. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली, व्यापारी आले, आणि १९८२ मध्ये मारिया मीस या जर्मन अभ्यासक स्त्रीने त्या लेस विणणाऱ्या बायांवर पुस्तक लिहिले, तेव्हा चित्र असे होते की निर्यात करणारे श्रीमंत झाले आणि विणणारी घरीच राहिली. ती दिवसाचे सहा-आठ तास विणत असे, पण तिचे काम “फावल्या वेळातले” समजले जाई, म्हणून मजुरीही फावल्या वेळाची.

किटच्या धंद्यात हाच धोका दुसऱ्या रूपाने आहे. एकदा पान छापले, व्हिडिओ झाला, की याडीची गरज उरत नाही. कोणीही शहरात बसून मांजरपाट कापू शकतो, दोरे भरू शकतो. म्हणून नमुन्याचे ते २० रुपये हिशेबात आधीच धरले आहेत, नफा झाला तर द्यायचे म्हणून नव्हे. पानावर तांड्याचे नाव, आणि बाईची संमती असेल तर तिचेही. हिशेबाची वही तांड्यावर, मिशनच्या कपाटात नाही. आणि गटाच्या बैठकीत किंमत ठरते तेव्हा आमच्यासारख्यांनी खोलीबाहेर चहा प्यावा.

काय विकायचे नाही, तेही त्यांनीच ठरवावे. जुने फेटिया कापून त्यांचे तुकडे “अँटिक” म्हणून विकणारे व्यापारी तांड्यांवर फिरतात. लग्नातला फेटिया दोन-चार हजारांना जातो आणि मग नमुना पाहायलाही उरत नाही. आमच्या किटमध्ये जुन्या कपड्याचा एकही तुकडा नसेल.

कागदपत्रे, थोडक्यात

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करावा. भरतकाम करणाऱ्या बाईने केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचे “पहचान” ओळखपत्र काढून घ्यावे, प्रदर्शनांसाठी ते लागते. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, भरतकाम नाही, त्यामुळे तिथे हेलपाटे घालू नयेत. कर्जासाठी बंजारा स्त्रियांना वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ, तर अनुसूचित जमातीत असलेल्या पारधी भगिनींना शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ. दाखल्यानुसार दार बदलते. बंद पाकिटात विकायची वस्तू म्हटली की वैधमापनाचे नियम लागतात: पाकिटावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, आत काय आणि किती नग, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसहित किंमत, आणि तक्रारीसाठी फोन. भरणाऱ्याची नोंदणीही वैधमापन विभागाकडे करावी लागते. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विकायला लागण्यापूर्वी जीएसटीबाबत एखाद्या जाणत्या सल्लागाराशी एकदा बोलून घ्यावे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जागा बचत गटांना “उमेद”मार्फत मिळते. ती विचारणा लवकर करावी.

आपण काय करू शकता

जुनी कापडे आणि उरलेली लोकर कृपया पाठवू नका. प्रेमाने पाठवलेली तीन पोती माझ्या कार्यालयात आहेत, आणि किटमध्ये प्रत्येक पाकिटात एकच रंग, एकच कापड लागते. डब्यावर एखाद्या याडीचा दीनवाणा फोटो छापा, विक्री वाढेल, अशी सूचनाही आली होती. गटाने ती ऐकून एकच प्रश्न केला: मिठाईच्या डब्यावर हलवायाचा रडका फोटो असतो का?

दया म्हणून घेतलेले किट उघडले जात नाही, आणि न उघडलेले किट दुसरे किट विकत नाही. म्हणून पहिली ५० किटे करण्याआधी आम्ही १० किटे फक्त चाचणीसाठी भरतो आहोत. पान छापलेले नाही, झेरॉक्स आहे, कारण ते बदलणार आहे. ज्या मंडळ्यांच्या महिला मंडळांना ती हवी असतील त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे. दोन अटी आहेत. किट अशा व्यक्तीला द्यावे जिने भरतकाम कधीच केलेले नाही. ज्या भगिनींचा हात आधीच चांगला आहे त्यांनी शेजारी बसावे आणि बोलू नये. आणि पुरे झाले नाही तरी खूण व पान दोन्ही परत पाठवावे. पानावर जिथे अडले तिथे पेन्सिलीने फुली करावी, जिथे दोरा संपला तिथे गोल. आमच्या याडींना अक्षरे वाचता येत नाहीत, पण फुली आणि गोल त्या वाचतील.